शाबीत झालेलं नाही

बडोद्याच्या खंडेराव मार्केटच्या दर्शनी इमारतीत महानगरपालिकेचं कार्यालय आहे आणि तिच्या पाठीशी भाजीचा, फळांचा, फुलांचा बाजार. सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी आपल्या कारभाराच्या पंचवीस वर्षांची आठवण म्हणून १९०६ च्या सुमारास ही वास्तू उभारून नगरपालिकेला दिली आणि तिला खंडेराव महाराजांचं नाव ठेवलं. खंडेराव दत्तकविधानाने त्यांचे वडील. पण या दोन नावांच्या मधे गादीवर आणखी एक जण बसून गेले, खंडेरावांचे धाकटे भाऊ मल्हारराव. भावाच्या जिवावर उठल्याच्या संशयावरून १८६३ साली त्यांना पाद्र्याला कैदेत टाकलं होतं. १८७० मध्ये खंडेराव पुत्राविना वारले आणि पाद्र्याचा कैदी बडोद्याचा राजा झाला. चार वर्षांत त्यांच्यावर तसाच दुसरा आरोप आला, या वेळी ब्रिटिश रेसिडेंटला विष घातल्याचा. पहिल्या आरोपाने त्यांची मोकळीक गेली, दुसऱ्याने राज्य. ते गेलं म्हणूनच नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव झाला. ज्याच्या नावाचं मार्केट आणि ज्याने ते बांधलं, त्या दोघांमधला दुवा म्हणजे राजकीय विषप्रयोगाची एक बातमी. दीडशे वर्षं झाली, ती अजून पक्की झालेली नाही.

आज त्याच मार्केटात मेथीची जुडी निवडता निवडता दुसऱ्याच बातम्यांवरून जुंपते. अमक्या नेत्याला ठार मारण्याची धमकी आली, तमक्यावर हल्ल्याचा कट उधळला, फलाण्याची तब्येत गंभीर आहे पण दडवून ठेवलंय. दांडिया बाजारातल्या मराठी घरांतून रोज ऐकू यावा असा हा संवाद:

"काका, वाचलंत ना? उडवून देऊ म्हणून ईमेल आलाय."

"अरे, निवडणूक आली की येतातच असले ईमेल."

"म्हणजे तुमचं म्हणणं, खोटंय?"

"तू कशावरून खरं म्हणतोस?"

"आमच्या ग्रुपवर आलंय."

"आमच्या ग्रुपवर उलटं आलंय."

दोघांपैकी एकानेही तो ईमेल पाहिलेला नसतो, तपास कोणत्या ठाण्याकडे आहे हे माहीत नसतं. तरी संध्याकाळपर्यंत काका-पुतण्यांचं बोलणं बंद होण्याइतका हा वाद चढतो. समाजमाध्यमांवर काका-पुतण्याचं नातंही नसतं, त्यामुळे तिथे तो चढायला वेळही लागत नाही.

याला उपाय म्हणून आपल्याकडे दोनच गोष्टी सुचवल्या जातात. सरकार म्हणतं, अफवा पसरवणाऱ्याला आत टाका. शहाणे म्हणतात, लोकांना शिकवा, म्हणजे ते विश्वास ठेवणार नाहीत. मला दोन्ही अपुरे वाटतात. कच्च्या बातमीवर उतारा एकच, उघड्यावर होणारी उलटतपासणी. आणि ती होईपर्यंत "शाबीत झालेलं नाही" असं म्हणणं हा पळपुटेपणा धरता कामा नये. ते एक पुरतं, जबाबदार मत आहे. हे म्हणण्याला बडोद्याच्या त्या जुन्या प्रकरणाइतका चांगला आधार दुसरा नाही.

कर्नल रॉबर्ट फेअर हा रेसिडेंट सकाळी फिरून आला की पपनसाच्या रसाचं सरबत घेत असे. पेला त्याच्या खोलीत आधीच ठेवलेला असायचा. ९ नोव्हेंबर १८७४ ला त्याने दोन-तीन घोट घेतले, चव बरी लागली नाही, जिवाला अस्वस्थ वाटलं, म्हणून उरलेलं सरबत त्याने बाहेर फेकून दिलं. पेला खाली ठेवताना तळाशी गडद गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला, मग मुंबईला सरकारी रासायनिक परीक्षक डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. त्यात सोमल निघाला आणि हिऱ्याची पूडही असल्याचं सांगण्यात आलं.

इथे थांबून पाहण्यासारखं आहे. पेल्यात विष होतं, एवढंच त्या गाळातून निघत होतं. ते कोणी घातलं, कोणाच्या सांगण्यावरून घातलं, हे गाळ सांगत नव्हता. पण या दोहोंमधलं अंतर लोकांनी एका उडीत पार केलं. फेअर आणि मल्हारराव यांचं वाकडं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. महाराजांच्या कारभाराविरुद्ध १८७३ साली चौकशी झाली होती, सुधारण्यासाठी त्यांना १८७५ च्या अखेरपर्यंतची मुदत मिळाली होती आणि फेअर रोज नवी तक्रार वर पाठवत होता. तेव्हा विष घालणार दुसरं कोण, असं इंग्रजांनी धरलं. उलट बाजूचे म्हणत, २ नोव्हेंबरलाच महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवून फेअरची बदली मागितली होती. ज्याला सरळ मार्गाने हलवता येतं, त्याला आठवड्याभरात विष कशाला घालतील? आणि खरोखरच त्याच महिन्यात फेअरला हलवायचं ठरलं, त्याच्या जागी सर लुइस पेली आला. दोन्ही युक्तिवाद वजनदार होते, पण पुरावा त्यांतला एकही नव्हता. हेतू होता म्हणून कृत्य झालं असं होत नाही, आणि हेतू पटत नाही म्हणून ते झालंच नाही असंही होत नाही.

मुंबई ते लंडन ही समुद्राखालची तार १८७० मध्ये सुरू झाली होती. त्यामुळे बडोद्याच्या पेल्यातला सोमल पूर्वीसारखा महिन्याभराच्या बोटीने गेला नाही. बातमी आधी पोचली आणि तपास मागून. मल्हाररावांना जानेवारी १८७५ मध्ये अटक झाली, तोवर इकडे-तिकडे मतं ठरून गेली होती. इंग्रजांची बरीच वृत्तपत्रं महाराजांना अपराधी धरून चालली. पुण्यात सार्वजनिक सभेच्या मंडळींनी त्यांची बाजू उचलून धरली, देशी पत्रांतून त्यांच्यावरच्या अन्यायाचा गजर झाला, आणि नारायण बापूजी कानिटकरांनी तर या प्रकरणावर नाटकच लिहिलं.

आजच्या वाचकाला ओळखीचा वाटेल असा एक विरोधाभास त्यात होता. मल्हाररावांचा कारभार वाईट होता, आणि याचा अनुभव बडोद्याच्या सावकारांना, सरदारांना, कुणब्यांना आला होता. त्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. महाराजांसाठी सर्वांत कळवळून बोलणारे लोक मात्र त्या कारभाराखाली राहत नव्हते. त्यांचा राग ब्रिटिशांवर होता आणि तो रास्त होता. ज्याने आरोप करायचा, त्यानेच तपास करायचा आणि त्यानेच निकाल द्यायचा, ही रीत त्यांना खुपत होती. पण या रास्त रागाच्या भरात त्यांनी न तपासलेली एक गोष्ट तपासलेली म्हणून धरली, की मल्हारराव निर्दोष आहेत. पलीकडच्यांनी त्यांच्या कुशासनावरून विषप्रयोग गृहीत धरला, अलीकडच्यांनी ब्रिटिशांच्या लबाडीवरून निर्दोषत्व.

कच्च्या राजकीय बातमीवरचे बहुतेक वाद असेच असतात. वरवर ते घटनेबद्दल दिसतात, आत ते भरवशाबद्दल असतात. अमुक पक्षाच्या नेत्याला धमकी आली हे खरं मानायचं की नाही, हे आपण धमकीचा मजकूर वाचून ठरवत नाही. तो नेता आपल्याला किती आवडतो आणि पोलिसांवर आपला किती विश्वास आहे, यावरून ठरवतो. म्हणून लोकांना मूर्ख ठरवणारी शिकवणी फुकट जाते. माणूस भोळा असतो म्हणून चुकतो असं नाही. कोणावर विश्वास ठेवायचा हे त्याने आधीच ठरवलेलं असतं आणि त्यापुढे बातमी तपासायची गरज त्याला वाटत नाही. शिकलेला माणूस तर आपल्या बाजूची कारणं अधिक सफाईने मांडतो, एवढाच फरक.

पुढे जे झालं, ते मात्र आजच्या वादांत होत नाही. २३ फेब्रुवारी १८७५ पासून बडोद्यात सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी सुरू झाली. तीन इंग्रज: बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेल्व्हिल. तीन भारतीय: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे सवाई रामसिंग आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आला. साक्षी उघड झाल्या आणि रोजच्या रोज वृत्तपत्रांतून छापून येत राहिल्या.

सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार रावजी हवालदार हा रेसिडेन्सीतलाच नोकर होता. महाराजांच्या बाजूने मिळालेलं विष आपणच पेल्यात घातलं, असं तो सांगत होता आणि त्या बदल्यात त्याला माफी मिळाली होती. त्याच्या कमरपट्ट्यात विषाची पुडी सापडली होती. बॅलंटाइनने नेमकं त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. रावजी आधीपासून पोलिसांच्या हाती होता. पट्टा कोणाच्या ताब्यात होता, पुडी हुडकली कोणी, तेव्हा जवळ कोण होतं, आणि इतके दिवस ती कोणालाच कशी दिसली नाही? पुडी काढणारा अकबर अली हा मुंबई पोलिसांचा मुरलेला माणूस. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत यांनीही पहाऱ्यात राहून, माफीचं वचन मिळाल्यावर जबानी दिली होती. बॅलंटाइनने विष नव्हतं असं सिद्ध केलं नाही, महाराज निर्दोष आहेत असंही सिद्ध केलं नाही. त्याने फक्त प्रत्येक सांगणाऱ्याला विचारलं, तुला हे कसं कळलं, आणि हे सांगून तुझा काय फायदा?

शेवटी आयोग दुभंगला. तिघा इंग्रजांच्या मते आरोप सिद्ध होता. तिघा भारतीय सदस्यांना तो सिद्ध झालेला वाटला नाही. त्या काळी हे मत देणं किती अवघड होतं, हे ती माणसं कोण होती हे पाहिल्याशिवाय कळत नाही. १८५७ च्या धामधुमीत शिंदे आणि त्यांचे तेव्हाचे दिवाण दिनकरराव ब्रिटिशांच्या बाजूने ठाम उभे राहिले होते. त्यांची प्रतिष्ठा, त्यांच्या पदव्या, शिंद्यांचं तर राज्यच, सरकारच्या मर्जीवर होतं. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांना काय ऐकायचंय हे त्यांना कळत नसेल असं नाही. मल्हाररावांच्या कारभाराबद्दल त्यांना प्रेम असण्याचंही काही कारण नव्हतं. अशा स्थितीत, जेवढं समोर आलं तेवढ्यावरून हे शाबीत होत नाही, असं लिहून देणं म्हणजे कुंपणावर बसणं नव्हतं.

सरकारने त्यावर काय केलं? एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं, पण विषप्रयोगाच्या आरोपावरून नाही. गैरवर्तन, अंदाधुंद कारभार आणि राज्य चालवण्याची नालायकी, ही कारणं जाहीर केली. सुधारण्याची मुदत संपायला आठ महिने बाकी होते. त्यांची रवानगी मद्रासला झाली आणि १८८२ मध्ये ते तिथेच वारले. म्हणजे विषाची बातमी शाबीत व्हायची गरजच पडली नाही. महाराजांना पकडायला, फौजेच्या पहाऱ्यात ठेवायला आणि त्यांच्याशिवाय बडोदं चालू शकतं हे जगाला दाखवायला ती पुरेशी होती; काम झाल्यावर तिला बाजूला ठेवता आलं.

सत्ताधाऱ्याच्या जिवाला धोका आहे, या बातमीचा हा गुण लक्षात ठेवायला हवा. इतर अफवांपेक्षा ती वेगळी असते, कारण तिचा उपयोग करून घेण्याची यंत्रणा सत्तेच्या हाताशी तयार असते. धोका म्हटला की पहारा वाढतो, प्रश्न विचारणारा संशयित ठरतो, विरोधक देशद्रोही ठरतो. आणि विरोधकही तिचा असाच उपयोग करतात. प्रत्येक धमकी हे सहानुभूतीसाठी रचलेलं नाटक आहे, असं म्हणून ते आपल्या माणसांना एकत्र ठेवतात. तपास पुरा व्हावा, अशी दोघांनाही घाई नसते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. शाबीत होईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर खऱ्या धोक्याचं काय? महाराष्ट्राला हा प्रश्न विचारायचा अधिकार इतरांपेक्षा जास्त आहे. पुण्यात २५ जून १९३४ ला गांधीजींच्या रोखाने बॉम्ब फेकला गेला, ते वाचले. २० जानेवारी १९४८ ला दिल्लीत त्यांच्या प्रार्थनासभेत स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागेवर पकडला गेला. मुंबईच्या रुईया कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांच्यापाशी मदनलाल आधी या कटाबद्दल बोलला होता. तेव्हा जैनांना ती बढाई वाटली. स्फोटाची बातमी वाचल्यावर ते दुसऱ्याच दिवशी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे गेले. मदनलालच्या जबाबात एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेखही आला होता. नऊ दिवस हातात होते. तरीही ३० जानेवारी चुकली नाही.

पुढे १९६४ च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या एका समारंभात टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी आपल्याला या बेताची आधी कल्पना होती असं जाहीरपणे सांगितलं, मोठा गदारोळ झाला, आणि त्यातून नेमल्या गेलेल्या न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगाने या सगळ्याचा हिशेब मांडला. त्या अहवालातून जे दिसतं ते माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतं. माहिती कच्ची होती हे अपयशाचं कारण नव्हतं. धोक्याची माहिती नेहमी कच्चीच असते. ती ज्यांच्याकडे पोचली, त्यांनी तिचा पाठपुरावा करायचा होता, मुंबईने दिल्लीला आणि दिल्लीने पुण्याला विचारायचं होतं. तेवढंच नीट झालं नाही. जैनांनी मात्र उशिरा का होईना, बरोबर केलं. जे ऐकलं ते ज्याचं काम होतं त्याच्याकडे, आपल्या नावानिशी, तोंडावर जाऊन सांगितलं. चौकात ओरडले नाहीत, आणि गप्पही बसले नाहीत.

तेव्हा 'शाबीत झालेलं नाही' याचा अर्थ 'दुर्लक्ष करा' असा होत नाही. ती जबाबदारीची वाटणी आहे. धोक्याच्या माहितीवर पोलिसांनी ती खरी आहे असं धरून धावलं पाहिजे. नागरिकाने आणि पत्रकाराने मात्र ती अजून खरी ठरलेली नाही असं धरून बोललं पाहिजे. आपल्याकडे हे नेमकं उलटं होतं. बोलणारे खरं धरून बोलतात आणि ज्यांनी धावायचं, ते पुरावा आणा म्हणतात. बातमी पक्की झाल्यावरही बोलणाऱ्यांची उडी थांबत नाही, हेही १९४८ ने दाखवलं. मारेकरी कोण हे कळलं, आणि सांगली, सातारा, कोल्हापूर भागांत ज्यांचा या कटाशी काडीचा संबंध नव्हता, अशांची घरं केवळ जातीमुळे जळली.

मग ऑनलाइन जगाने नवीन काय केलं? वेग नवा नाही. तारेनेही लंडन गाठायला उशीर लावला नव्हता. पक्षपात नवा नाही. नवीन आहे ते साक्षीदाराचं नाहीसं होणं. रावजी खोटा असो की खरा, तो पिंजऱ्यात उभा होता, त्याला विचारता येत होतं. 'जसं आलं तसं पुढे पाठवतोय' म्हणणाऱ्याला काय विचारणार? त्याने पाहिलेलं नाही, त्याला ज्याने पाठवलं त्यानेही पाहिलेलं नाही, आणि साखळीच्या टोकाला माणूस आहे की यंत्र हेही ठाऊक नाही. १२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात बाबा सिद्दिकी यांची हत्या झाली आणि दुसऱ्या दिवशी एका टोळीच्या नावाने जबाबदारी घेणारी पोस्ट फिरू लागली. ती कोणी टाकली, हे पोलीस तपासत असतानाच घरोघरी निकाल लागून गेले होते.

साक्षीदार नसला की तर्क मोकाट सुटतो आणि त्याची किंमत बहुधा ज्याच्या पाठीशी कोणी नाही असा माणूस मोजतो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती चांगलीच गोष्ट झाली. पण संदेशाची चाल मंदावली तरी तो कुठून आला, हे सांगणारा त्यात अजूनही कोणी नाही.

बंदीचा मार्ग तर आपण दीडशे वर्षं चालून पाहिला आहे. मल्हारराव प्रकरणाच्या पाठोपाठ १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा आला, १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवरचा. दोन्हींनी कुजबुज थांबली नाही, फक्त छापील टीका अवघड झाली. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे आजारी असताना त्यांच्या प्रकृतीबद्दल नाना बातम्या फिरत होत्या. त्यांच्या निधनानंतर अटक झाली ती पालघरच्या दोन तरुणींना. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारला होता, दुसरीने ती पोस्ट फक्त 'लाइक' केली होती. ज्या कलमाखाली असल्या अटका होत होत्या, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवलं. आता भारतीय न्याय संहितेच्या ३५३ व्या कलमात अफवा आहे, ३५१ व्या कलमात धमकी आहे. धमकी देणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी; कोणाला ठार मारीन म्हणणं हे मत नाही. पण अफवेचं कलम ज्याच्या हाती असतं, तो आपल्या बाजूच्या अफवेवर ते कधी चालवत नाही, हा आजवरचा अनुभव आहे. खुद्द बडोद्यात सप्टेंबर २०१४ मध्ये समाजमाध्यमावरच्या एका विकृत चित्रावरून दंगल उसळली, तेव्हा मोबाइलवरचं इंटरनेट बंद करावं लागलं. तातडीचा उपाय म्हणून ते समजण्यासारखं आहे. मात्र त्यात अफवेबरोबर तिचा खुलासाही बंद होतो, आणि उरते ती तोंडी कुजबुज.

शिवाय सरकारी शिक्का म्हणजे सत्य, हेही धरून चालता येत नाही. २२ मार्च १९७९ ला पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जयप्रकाश नारायण यांच्या निधनाची घोषणा केली. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीवरून बातमी गेली. जयप्रकाश तेव्हा मुंबईच्या जसलोक रुग्णालयात जिवंत होते आणि पुढे ८ ऑक्टोबरपर्यंत जगले. देशातल्या सर्वांत अधिकृत मुखातून सर्वांत मोठी अफवा बाहेर पडली, आणि तिची शहानिशा व्हायला रुग्णालयाच्या दारापर्यंत जाणं पुरे होतं. म्हणूनच सरकारविषयीच्या बातमीचं खरं-खोटं सरकारनेच नेमलेल्या तपासणी कक्षाने ठरवावं ही तरतूद मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही, हे योग्य झालं. तिथेही दोन न्यायमूर्तींचं मत आधी विभागलं होतं. तिसऱ्या न्यायमूर्तींनी सप्टेंबर २०२४ मध्ये कौल दिला. बडोद्याच्या आयोगात सातवा माणूस नव्हता, सातवं मत व्हाइसरॉयचं होतं आणि तोच फिर्यादीही होता.

या सगळ्यातून मागायच्या गोष्टी निघतात त्या फार अवघड नाहीत. नेत्याला धमकी आल्याची बातमी ज्या क्षणी सरकार किंवा पक्ष जाहीर करतो, त्या क्षणी त्याच्यावर हिशेबाची जबाबदारी येते. तक्रार कोणत्या ठाण्यात नोंदली, कोणत्या कलमाखाली, तपास कोणाकडे आहे, हे सुरक्षेला धक्का न लावता सांगता येतं. तीन महिन्यांनी त्याचं काय झालं हेही सांगावं लागेल. आपल्या शहरांतल्या पोलीस नियंत्रण कक्षांत नेत्यांच्या नावाने किती फोन येतात. त्यांतले कितीतरी दारूच्या नशेत किंवा कोणाला अडकवण्यासाठी केलेले असल्याचं नंतर उघड होतं. पण धमकीची बातमी पहिल्या पानावर येते आणि तपासाचा शेवट कुठेच येत नाही. त्या न सांगितलेल्या शेवटांमुळे पुढच्या खऱ्या धमकीवरही कोणी विश्वास ठेवत नाही, आणि यात सर्वांत मोठा तोटा त्या नेत्याचाच आहे.

वाचकाच्या बाजूनेही एक गोष्ट लागेल. बॅलंटाइनचे दोन प्रश्न आपल्याच माणसाला विचारायचे: तुला कसं कळलं, आणि हे पसरल्याने कोणाचं काम होतं? विरोधकाला ते आपण रोज विचारतो. आपल्या ग्रुपवर विचारले की लगेच, तू कोणाच्या बाजूचा, अशी विचारणा होते. तिथे जयाजीराव शिंद्यांनी आणि दिनकररावांनी दाखवलेलं धैर्य लागतं. ते विरुद्ध पक्षाला जाऊन मिळाले नाहीत; आपण ज्यांच्या पंक्तीला बसतो, त्यांनाच त्यांनी सांगितलं की तुमचा पुरावा कमी पडतो आहे.

कोणी म्हणेल, अशाने वाद मिळमिळीत होतील. मला उलट वाटतं. मल्हाररावांनी विष घालायला सांगितलं होतं का, यावर अभ्यासक आजही हिरिरीने भांडू शकतात, कारण १८७५ च्या साक्षी आणि उलटतपासण्या छापलेल्या आहेत. पक्षपाती सरकारने, सदोष आयोगापुढे, वाईट हेतूने का होईना, सगळं उघड्यावर नोंदवलं, आणि त्या नोंदीनेच पुढे सरकारचा निकाल लंगडा आहे हे दाखवून दिलं. आपल्या ग्रुपांवरच्या वादांतून दीडशे वर्षांनी कोणाला काय तपासता येईल? त्यात भरपूर राग सापडेल, साक्ष एकही सापडणार नाही. म्हणून पुढच्या वेळी असली बातमी आली की ती खरी की खोटी यावर भांडण्याआधी नोंद मागायला हवी, आणि ती मिळेपर्यंत आपला अभिप्राय एवढाच द्यायला हवा, की हे अजून शाबीत झालेलं नाही.